बारावं पोस्टर

कुकटपल्ली, हैदराबाद
८ जानेवारी २०२५

मावशी,

घे, आलं एकदाचं पत्र. महिन्याला एक तरी मराठी पत्र लिहीन, असं दिवाळीत तू माझ्याकडून कबूल करून घेतलंस आणि मी दोन महिने तोंड लपवून बसले. आई रोज विचारायची, "ताईला पत्र टाकलंस का?" आणि मी रोज म्हणायचे, "आज टाकते." परवापासून तिनं विचारायचंही सोडलं, तेव्हा मात्र लाज वाटली. चुकांवर लाल खुणा करून पत्र परत पाठवू नकोस, एवढी मेहेरबानी कर. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत तुझ्याकडे बाराखडी गिरवली, तेवढ्याच भांडवलावर लिहितेय.

फोनवर बोलता आलं असतं म्हणा. पण तुमच्या घरचा फोन काकांच्या खिशात, आणि ते तो स्पीकरवर टाकून समोर बसतात. मग मला नमस्कार, बरी आहे, अभ्यास चालू आहे, याच्या पुढे काही सुचत नाही.

तर बातमी अशी की तारनाक्याच्या आमच्या कॉलेजात या सत्राला सिनेमा करायचाय. पूर्ण सिनेमा नाही, नुसती सुरुवात. थरारपटाची पहिली दोन मिनिटं. पुढचा सिनेमा नसतोच, पण बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की पुढे काय झालं ते कळल्याशिवाय आज जेवण जाणार नाही. आमचा चौघांचा गट आहे. तेजस कॅमेऱ्यावर, केतकी आवाज आणि एडिटिंगला, कुलदीप अभिनयाला आणि मी डायरेक्टर. डायरेक्टर म्हणजे जिला बाकीचे तिघे शिव्या देतात ती.

मीना मॅडमनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून टाकलं: गजर वाजून कोणी जागं होणार नाही, चाकू दिसणार नाही, आरशात रक्त नाही, टोपी ओढलेला माणूस कोणाच्या मागे लागणार नाही आणि शेवटी ते सगळं स्वप्न निघणार नाही. तेजसचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण त्याच्या गोष्टीत हे सगळं त्याच क्रमानं होतं. मॅडम म्हणाल्या, "नौटंकी नक्को. बस एक सवाल दो." तेव्हापासून आम्ही प्रत्येक शॉटची चिठ्ठी भिंतीवर लावतोय आणि दुसऱ्या दिवशी उपटून टाकतोय. भिंत कोरी आहे, मावशी.

म्हणून तुला विचारते. तुला कशाची भीती वाटते?

तुझी
मनू

*

भालकी
१७ जानेवारी

मनू,

लाल पेन हातात घेतलाच नाही. नऊ चुका दिसल्या, त्या मनातल्या मनात सुधारल्या. पत्र मात्र तीनदा वाचलं आणि शाळेत नेऊन ग्रंथालयाच्या खणात ठेवलं. मुलं पुस्तकं परत आणून देतात तेव्हा मध्येच खण उघडून बघते. काका विचारत होते, पोरगी एवढं काय लिहिते? म्हटलं, सिनेमा काढतेय. ते म्हणाले, "मग अभ्यास कवा करती?" तेव्हा अभ्यासही कर.

भीतीचं म्हणशील तर साप, विंचू, अंधार, यातली कशाचीच नाही. डोळ्यांसमोर एक चित्र येतं, ते सांगते. स्वयंपाकघर आहे. एक बाई पोळ्या लाटतेय. बाहेरच्या खोलीत फोन वाजतो, तो जुना, टेबलावरचा. ती लाटणं थांबवते, पण उठत नाही. फोन वाजत राहतो. तव्यावरची पोळी करपायला लागते, तरी ती उलटत नाही. एकोणीस वेळा वाजून फोन थांबतो. मग बाई करपलेली पोळी काढून बाजूला ठेवते आणि पुढची लाटायला घेते.

एवढंच. चाकू नाही, रक्त नाही. तुझ्या मॅडमना विचारून बघ, चालतंय का.

ती फोन का उचलत नाही, हे मला विचारू नकोस. ते तुमच्या पुढच्या सिनेमात असेल.

तुझ्या आईला सांग, रंजने, गुडघ्याला तेल लावत जा. सांगूनही ती लावणार नाही, तरी सांग.

तुझी मावशी

*

कुकटपल्ली
२ फेब्रुवारी

मावशी, तू ग्रेट आहेस!

तुझा तो परिच्छेद मी गटासमोर मोठ्यानं वाचला आणि चक्क केतकी गप्प बसली. मीना मॅडमनी विचारलं, "ये किसने लिखा?" म्हटलं, माझ्या मावशीनं. "उनको बोलो, मेरी क्लास में आ जाओ," म्हणाल्या. फक्त एकोणीस वेळा फारच होतं म्हणाल्या, दोन मिनिटांतलं अर्धं तिथंच जाईल. केतकीनं सातवर कापलं.

पोळ्या लाटणारे हात आईचे आहेत. चेहरा दाखवायचाच नाही असं ठरलं. आईला सीन समजावून सांगितला तर तिनं विचारलं, "हे कोणी सुचवलं?" मी तुझं नाव सांगितलं. त्यावर तिनं पोळपाट पुढे ओढला आणि पहिल्याच टेकला इतकं बरोबर केलं की तेजस टाळ्या वाजवायला लागला. पोळी खरीच करपली. कुलदीपनं खाल्ली.

आता पुढचा भाग. फोन थांबतो आणि आपण रस्त्यावर येतो. कोठीच्या बाजारातल्या गर्दीत भिंतीवर पोस्टर आहे, एक मुलगा हरवलाय. कुलदीप त्यासमोर उभा राहून फोन कानाला लावून बसलाय, म्हणजे उभा आहे. तो फोन ठेवतो, पोस्टर फाडतो, घडी करून खिशात घालतो. बस. हरवलेला कोण, हा फाडणारा कोण, बाई घाबरते ती कोणाला? एकाऐवजी तीन सवाल झाले.

पोस्टरवर आधी कुलदीपच्या भावाचा फोटो लावून बघितला. पण तो आमच्याच कॉलेजात आहे, सगळे हसायला लागले. अनोळखी आणि खरा वाटणारा चेहरा हवा होता. आईच्या जुन्या अल्बमात कोणाच्या तरी लग्नातला एका मुलाचा फोटो सापडला. कोण ते आईलाही आठवेना. खाली नाव टाकलं अरविंद. नंबर मात्र खरा टाकला, माझ्या जुन्या सिमचा. मनानं दहा आकडे लिहिले आणि ते कोणाचे तरी निघाले तर उगाच त्या बिचाऱ्याला फोन जायचे. बघ, किती जबाबदार झालेय मी.

बारा पोस्टरं छापली. काही तारनाक्याला, काही कोठीला लावली. शूटिंग झालं की काढून टाकायची.

तुझी डायरेक्टर

*

भालकी
९ फेब्रुवारी

मनू,

तो अल्बम रंजनाच्या लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा मी करून दिला होता. त्यात लग्नातला एकही फोटो नाही. सगळे घरचे आहेत. प्रत्येक फोटो माझ्या हातानं चिकटवलाय आणि कोणत्या पानावर कोण आहे ते मला पाठ आहे.

कोणाचा फोटो काढलास?

उत्तर घरी पाठवू नकोस. शाळेच्या पत्त्यावर, ग्रंथालयाच्या नावानं पाठव.

मावशी

*

तारनाका
२० फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. रोज कागद घ्यायचे आणि परत ठेवायचे. आज घरी नाही, कॉलेजच्या वाचनालयात बसून लिहितेय, आईला दिसू नये म्हणून.

फोटो युवराजदादाचा आहे. तुझ्याच मुलाचा.

माझ्या आठव्या वाढदिवसाचा. चौकटीचा शर्ट घातलाय आणि मी त्याच्या खांद्यावर बसलेय. पोस्टरसाठी मी मला कापून टाकलं. नीट कापता आलं नाही, माझ्या फ्रॉकची पिवळी झालर त्याच्या कानाशी राहिली. आईला काही आठवेना हे खोटं आहे. मी तिला विचारलंच नव्हतं. तुलाही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मला नाही ऐकायचं नव्हतं.

त्या वेळी मला इतकंच दिसत होतं की हा चेहरा खरा आहे. जो मुलगा खरंच घरातून गेला आणि अकरा वर्षं आला नाही, त्याचा चेहरा. तुमच्या घरी कोणी त्याचं नाव घेत नाही, आमच्याकडेही घेत नाहीत. मला वाटलं, ज्याचं नावच कोणी घेत नाही, त्याचा फोटो कोण ओळखणार? हे लिहिताना स्वतःची किळस येतेय.

सोमवारी वर्गात फिल्म दाखवली. पोस्टर पडद्यावर मोठं झालं तेव्हा मागच्या बाकांवरचेही पुढे सरकून बघायला लागले. मीना मॅडम म्हणाल्या, "उस लडके की आँखें देखो, यहीं से पिक्चर शुरू होती है." टाळ्या पडल्या. खरं सांगू? मला त्या टाळ्या आवडल्या. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले, पण आधी आवडल्या.

मॅडम फिल्म आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला पाठवणार आहेत. तू म्हणशील तर मी ती पुसून टाकीन. पोस्टरं सगळी काढलीत, पाणी मारून, खरवडून. आता कुठेही एक नाही.

माफ कर असं लिहायचं होतं. पण ते लिहून सुटल्यासारखं होईल.

मनू

*

भालकी
१ मार्च

मनू,

खूप रागावले. पत्र ग्रंथालयात वाचलं आणि त्या दिवशी मुलांना पुस्तकं देताना माझं लक्ष नव्हतं. एका मुलीला शब्दकोश दिला घरी न्यायला. घरी येऊन तुझ्या नावानं भांडी आपटली. हे विचारत होते, कोणाचा राग काढतीस? सांगता येईना.

तिसऱ्या दिवशी कळलं की राग तुझा नव्हताच. तू विचारलं नाहीस हे चुकलंच, ते मी विसरणार नाही. पण राग माझा मलाच होता, आणि त्याचं कारण मी कोणालाही सांगितलेलं नाही. तुझ्या आईला थोडं ठाऊक आहे. तुला सगळं सांगते.

युवराज दोन वर्षं परीक्षेलाच बसला नव्हता. रोज सकाळी दप्तर घेऊन निघायचा आणि संध्याकाळी यायचा. हे कॉलेजात चौकशीला गेले, तिथं कारकुनांसमोर ते कळलं. घरी येऊन हे फक्त एवढंच म्हणाले, "तोंड दाखवू नको." दुसऱ्या दिवशी तो गेला. मी म्हटलं, पोलिसांत कळवू, कुठे तरी फोटो देऊ, कागद लावू. हे म्हणाले, "हरवल्याला शोधतेत. त्यो हरवला नाही, गेलाय." आणि मी ऐकलं.

तीन महिन्यांनी फोन आला. तेव्हा आम्ही कुकटपल्लीतच होतो. हे बाहेरच्या खोलीत फोनशेजारी पेपर वाचत होते. मी पोळ्या लाटत होते. पहिल्याच घंटेला मला कळलं कोणाचा आहे. कसं कळलं ते विचारू नकोस. यांनाही कळलं. म्हणाले, "उचलू नको." मी उठू शकले असते, मनू. माझे पाय कोणी बांधले नव्हते. मी बसून मोजल्या. एकोणीस घंटा. पुन्हा कधी फोन आला नाही, आणि हे निवृत्त झाल्यावर आम्ही भालकीला आलो तेव्हा तो नंबरच बंद केला.

तू विचारलंस, भीती कशाची, तेव्हा मला हेच सुचलं. सिनेमाच्या नावाखाली तेवढं तरी बाहेर पडलं. तू माझ्यापासून फोटो लपवलास आणि मी तुझ्यापासून ते स्वयंपाकघर कोणाचं आहे ते लपवलं.

अकरा वर्षांत मी त्याच्यासाठी एक कागद भिंतीला चिकटवला नाही. तू खोट्या गोष्टीसाठी बारा चिकटवलेस.

त्यातला एक मला पाठव. फाटका असला तरी चालेल.

मावशी

*

तारनाका
९ मार्च

मावशी,

हे स्पीड पोस्टानं पाठवतेय. शाळेत फोन करणार होते, पण ऑफिसात तीन शिक्षिका कान देऊन उभ्या असतात असं तूच सांगितलं होतंस. बसून वाच.

तुला पाठवायला म्हणून काढलेल्या पोस्टरांचा गठ्ठा सोडला. मोजली तर अकरा. पुन्हा मोजली. तेजस म्हणाला, "अरे एखादं फाटलं असेल, क्या तो भी टेन्शन लेती." मग आठवलं, कोठीला जुन्या पुस्तकांच्या दुकानाजवळ दवाखान्याची भिंत आहे, तिथं कोपऱ्यात एक लावलं होतं. मी तशीच निघाले. बसमध्ये असतानाच जुन्या सिमवर फोन आला.

माणूस म्हणाला, "हलो, वो पोस्टर पे नंबर था तो किया मैं. फोटो कहाँ से मिला आप लोगां को?" मी काही बोलायच्या आत तो थांबला आणि मराठीत म्हणाला, "मनू आहेस का गं? कानाशी तुझ्या फ्रॉकची झालर दिसतीय."

मावशी, शेजारच्या बाईनं मला पाण्याची बाटली दिली.

त्यानं विचारलं, "आईनं लावलं का?"

मी "हो" म्हणाले.

मी शपथेवर सांगते, ठरवून नाही बोलले. त्यानं ज्या आवाजात विचारलं त्याला नाही म्हणता आलं नाही. मग त्यानं विचारलं, नाव अरविंद का टाकलं? आणि मी म्हणाले, काकांना कळू नये म्हणून. एका खोट्याला दुसरं खोटं, आणि दुसरं तर किती पटकन सुचलं. तो हसला. मग म्हणाला, "तिला लपून लावावं लागलं म्हण की."

तो वारंगलला असतो. पट्ट्या, हातमोजे, असल्या दवाखान्याच्या सामानाचं त्याचं दुकान आहे. माल घ्यायला महिन्यातून एकदा कोठीला येतो. म्हणाला, "आईला सांग, एकवीस तारखेला अकरा वाजता मी त्या भिंतीपाशी असेन. नाही जमलं तरी हरकत नाही. तिनं शोधलं, तेवढं बास झालं मला."

मी आता काय करू? त्याला फोन करून खरं सांगितलं तर तो येणार नाही, आणि पुन्हा कधी सापडणारही नाही. नाही सांगितलं, तर तू माझं खोटं हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहशील. सिनेमासाठी भीती शोधत होते. सापडली. रोज सकाळी फोन वाजला की आधी तो उशीखाली ढकलते.

पोस्टर काढलं नाही. हात लावायची हिंमत झाली नाही. तुला पाठवायचं ते अकरातलं एक सोबत ठेवलंय.

मनू

*

भालकी
१५ मार्च

मनू,

त्याला काही सांगू नकोस. ते सांगणं तुझं काम नाही, माझं आहे. तो आला की माझ्या तोंडचं पहिलं वाक्य तेच असेल. तू म्हणतेस तशी तुझं खोटं घेऊन मी उभी राहणार नाही. अकरा वर्षं स्वतःचं घेऊन उभी आहे, तेवढं पुरे आहे.

तू खोटं बोललीस ते वाईट केलंस. पण त्यानं विचारलं तेव्हा कोणी तरी हो म्हणालं, हेही मनात येतं आणि मग मला तुझ्यावर धड रागावता येत नाही.

यांना सांगितलं. जेवताना, सरळ. युवराजचा फोन आला, वारंगलला आहे, एकवीसला मी हैदराबादला जाणार, तुम्ही नको म्हटलंत तरी जाणार. यांनी हातातला घास ताटात ठेवला, उठून हात धुतला आणि अंगणात जाऊन बसले. मला वाटलं होतं भीती वाटेल. नाही वाटली. उलट कळलं, अकरा वर्षांपूर्वी एवढंच करायचं होतं.

तू पाठवलेलं पोस्टर समोर ठेवून परवा मी स्वतः एक लिहायला बसले. शाळेतून पुठ्ठ्यासारखा जाड कागद आणला आणि मुलांचा काळा मेणखडू. वर लिहिलं, युवराज. हे मागे कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. मी हातानं झाकायला गेले. तर म्हणाले, "नुसतं युवराज काय लिहितीस? पुरं नाव लिही."

म्हणून पुरं लिहिलं. सगळा मजकूर असा आहे:

युवराज हिम्मतराव बिरादार. हा हरवला नव्हता. आम्ही शोधला नाही. आता शोधतोय.

खाली यांच्या खिशातल्या फोनचा नंबर घातलाय. तो बघून यांनी खोडायला लावला नाही. सोबत येणार की नाही ते मात्र सांगितलं नाही. मी तिकीट माझं एकटीचं काढलंय.

तू दहाला त्या भिंतीपाशी ये. तुझं पोस्टर काढू नकोस, माझं त्याच्या शेजारी लावायचंय. तो यायच्या आधी लागलं पाहिजे. चिकटवायला खळ आणू नकोस. ती मी घरून करून आणते.

मावशी

*

कुकटपल्ली
२३ मार्च

मावशी,

बसमध्ये बसताना तू विचारलंस, "तो नेमका कधी आला गं?" आणि मी म्हणाले, "अकराला." हे शेवटचं खोटं. तेही आता सांगून टाकते.

तो पावणेअकरालाच आला होता. तू डब्यातली खळ बोटांनी भिंतीला लावत होतीस आणि काका कागदाची वरची दोन टोकं धरून उभे होते. काका येतील असं मलाही वाटलं नव्हतं. तू म्हणत होतीस, "डावं खाली आलंय," आणि ते म्हणत होते, "भिंतच वाकडी हाय." तुमची दोघांची पाठ रस्त्याकडे होती. समोरच्या चष्म्याच्या दुकानाशी तो उभा होता. पोट थोडं सुटलंय, केस कमी झालेत, पण मी लगेच ओळखलं. तोंड उघडणार तेवढ्यात त्यानं ओठांवर बोट ठेवलं. मी गप्प राहिले. पाव तास तो तुम्हा दोघांना बघत होता आणि मी त्याला.

अजून एक सांगते. माझा हात बॅगेतल्या मोबाईलकडे गेला. मी तुमच्या तिघांचं चार सेकंदांचं शूटिंग केलं. फ्रेम सुंदर होती, मावशी. मग माझं मला कळलं, मी परत तेच करतेय. तिथंच पुसून टाकलं.

मीना मॅडमनाही सगळं सांगितलं. फिल्म स्पर्धेला जाणार नाही. पोस्टरचा शॉट कुलदीपच्या भावाचा फोटो लावून पुन्हा करायचाय. वर्ग हसेल. हसू दे. आणि फोन सातवर कापायचा नाही, पूर्ण एकोणीस वेळा वाजू द्यायचा, हे केतकीला बजावून सांगितलंय. मॅडम म्हणाल्या, लोग उठ के चले जाएँगे. म्हटलं, जाऊ देत.

आईला अल्बम परत दिला. तिनं ते रिकामं पान बघितलं आणि अल्बम कपाटात ठेवला. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तुझ्यासमोर मला माफी मागता आली नाही, कारण तू मागूच दिली नाहीस, सारखी माझ्या हातावर लागलेली खळ पुसत होतीस. तू त्याला खरं सांगितलंस, पोस्टर सिनेमाचं होतं, मी लावलं नव्हतं, तेव्हा त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. ते बघणं माझ्याजवळ राहील. मग त्यानं ओल्या कागदाकडे बोट करून विचारलं, "मग हे?" आणि तू म्हणालीस, "हे माझं." काका पलीकडे बघत खोकले. तुला ते ऐकू आलं का माहीत नाही, ते हळूच म्हणाले, "दोघांचं."

पण मला सांगायचं होतं ते त्याच्या आधीचं, फोनचं. त्यानं पलीकडूनच तुझा मजकूर वाचला, नंबर लावला आणि काकांच्या खिशात फोन वाजला. काकांनी तो काढला, नंबर बघितला. नेहमीसारखा स्पीकरवर टाकतील असं वाटलं. त्यांनी तो दोन्ही हातांनी तुझ्यापुढे धरला. तुझे हात खळीनं भरलेले, तू ते पदराला पुसलेस, फोन कानाला लावलास आणि नुसतंच म्हणालीस, "उचलला रे. मी उचललाय." फोन कानालाच लावून, गाड्या न बघता त्यानं रस्ता ओलांडला.

संध्याकाळी तुमची बस सुटल्यावर दादा आणि मी स्टँडवर चहा प्यायलो. मी त्याची माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानं विषयच बदलला. कपाकडे बघत म्हणाला, "मागच्या वेळी एकोणीस घंटा वाजल्या होत्या, मनू. आज तीनच."

तो आकडा मी त्याला सांगितला नव्हता.

तुझी
मनू